कुटुंबातील व्यक्ती : दोन

७ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. दीड पानात सव्वा पान चौकशा आणि उरलेल्या जागेत सही. लोकसंख्या मोजणीच्या कचेरीत चाळीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पगार खाल्लात, आता निवृत्त झालात तरी जित्याची खोड काही जात नाही. घ्या, क्रमाने उत्तरं देते. गुडघे : दोन्ही जागेवर आहेत. मशीन : चालू. गल्ली : गजबजलेली. मी : ठणठणीत.

वरची तुमची खोली महिन्यातून दोनदा उघडते, गादी उन्हात टाकते. समुद्राच्या हवेत खिडकीची कडी महिन्याभरात गंजते, ती तेल लावून सोडवते. तुमचं टेबल, तुमची डुगडुगती खुर्ची, भिंतीवरचा शाळेतला नकाशा, सगळं जसंच्या तसं. तुमचे दादा असते तर म्हणाले असते, हिने माझ्या बहिणीच्या खोलीचं संग्रहालय केलंय, तिकीट लावायचं तेवढं बाकी आहे.

शिवणाचं काम भरपूर आहे. समोरचे कप्तान परवा चार पँटी घेऊन आले. तीस वर्षं खाडीत फेरीबोट चालवलेला माणूस, अजूनही माझं फाटक हुकूम दिल्यासारखं उघडतात. चारही पँटी दोन बोटं आखूड करून हव्यात म्हणे. गेल्या वर्षी एक बोट केल्या होत्या. मी म्हटलं, "कप्तान, पँटी वाढत नाहीत, तुम्ही उतरताय." तर म्हणाले, "शिवणबाई, भरती-ओहोटी चालायचीच." गल्लीत हल्ली सगळ्यांचंच हे असं आहे. याची कंबर सैल करा, तिचा झगा आखूड करा. शाळेचे गणवेश मात्र यंदा जरा कमी होते.

एक घरांचा दलाल येऊन गेला. पायात पांढरे बूट, हातात टेप. लगेच खोलीची मापं घ्यायला लागला, तीही टेप उलटी धरून. माझ्या घरात येऊन मला टेप दाखवतो! म्हणाला, "आजी, या घराला आज जो भाव आहे तो उद्या नसेल." मी म्हटलं, "माझाही नसेल." सुट्टीपुरतं येऊन राहणारं एक मोठं गिऱ्हाईक आहे म्हणे त्याच्याकडे. घरावर माझं नि माझ्या नणंदेचं, दोघींची नावं आहेत, असं सांगून त्याला वाटेला लावला.

तुमचं काय म्हणणं यावर? सहज विचारते.

प्रश्न थोडे कमी केलेत तरी पत्र पोचेल.

तुमची
वहिनी

१९ जानेवारी

वहिनी,

"यंदा जरा कमी होते" म्हणजे किती? मोजून चाळीस वर्षं "जरा" आणि "बरेच" असली उत्तरं खोडण्यात गेली माझी. माझ्याशी हा खेळ करू नकोस.

कचेरीतल्या माझ्या हाताखालच्या मुलीने मला तुमच्या उपनगराचा ताजा तक्ता पाठवलाय. दर शंभर माणसांत एकसष्ट साठीच्या पुढची. पाच वर्षांच्या आतली मुलं शंभरात दोन. आणि शंभरातली चाळीस घरं "बंद, मालक अन्यत्र". घरांचा भाव दहा वर्षांत तिप्पट आणि माणसं निम्मी. गल्ली गजबजलेली म्हणे! कोण गजबजतंय, कप्तान एकटे? गेल्या खेपेला मी बावीस घरं मोजली होती. तेरांत माणसं होती, नवांत नुसते पडदे.

तू कधीच काही "सहज" विचारत नाहीस, म्हणून नीट ऐक. तुला त्या घरातून कोणीही उठवू शकणार नाही. माझ्या सहीशिवाय व्यवहार होत नाही ना? मग मी सही देणार नाही. जीव गेला तरी देणार नाही. तुझा जीव त्या घरात किती गुंतलाय हे मला ठाऊक आहे. तू निर्धास्त शिवत बस. तो पांढरा बूटवाला परत आला तर त्याला माझा पत्ता दे, बघते त्याच्याकडे.

मी इथे मजेत आहे. सहावा मजला, वारा भरपूर, शेजार शांत. लिफ्ट अधूनमधून रजेवर जाते, तेवढाच व्यायाम. घरमालकाचा मुलगा हल्ली सारखा येऊन भिंती बघून जातो. रंग काढायचा असेल.

शाळेचं काय झालं ते लिहिलं नाहीस. सटकू नकोस.

तुझी
नणंद

४ मार्च

प्रिय वन्सं,

अक्षर बघून दचकू नका. माझा उजवा हात कामात पार गुंतलाय, म्हणून मी सांगतेय आणि कप्तान लिहितायत. शब्द माझे, काना-मात्रा त्यांच्या. उत्तराला दीड महिना लागला, त्याचंही कारण कामच.

शाळेचं विचारलंत. शाळा बंद झाली. एके काळी शाळा उघडायच्या आधी मी दोनशे गणवेश शिवायची, यंदा एक शिवला. अख्ख्या शाळेचा मिळून एक! तो न्यायलाही ती मुलगी आली नाही. घरमालकाने भाडं वाढवलं, आईबाप तिला घेऊन लांब कुठे राहायला गेले. निळा झगा हँगरला लटकतोय. मशीनवर बसलं की समोर तोच दिसतो.

रिकाम्या शाळेत आता नगरपालिका म्हाताऱ्या माणसांसाठी खोल्या करतेय. सगळ्या तळमजल्यावर, एकही पायरी नाही. अट एकच, तुमचं रिकामं होणारं घर इथे बारमाही राहणाऱ्या, इथेच काम करणाऱ्या कुटुंबाला द्यायचं, सुट्टीवाल्यांना नाही. कप्तानांनी अर्ज केलाय. ज्या वर्गात त्यांना बाकावर उभं केलं होतं तोच हवाय त्यांना, तिथे पलंग टाकून दिवसाढवळ्या आडवं व्हायचं म्हणतात. मी आपली गंमत म्हणून लिहिते. माझा काही तसा विचार नाही हो.

दवाखान्यातल्या नर्सबाईंची ओळख झाली. दोन तास येणं, दोन तास जाणं, घरी जुळ्या मुली. इथे एवढ्या जवळ घर घ्यायचं तर पुढच्या जन्मीच जमेल म्हणतात. "रोज अख्ख्या उपनगराचा रक्तदाब मी मोजते, माझा मोजायला मलाच वेळ नाही." बाई हसून बोलल्या, पण डोळ्यांखाली एवढाली काळी वर्तुळं.

बाकी सगळं छान. काळजी नसावी, आणि असलीच तर थोडीच असावी.

तुमची
वहिनी

ता. क. हे माझं आहे, बाईंना न विचारता. बाई जिन्यावरून पडल्या. तुमच्या खोलीतली गादी उन्हात टाकायला खाली आणत होत्या. उजवं मनगट मोडलंय, पाच आठवडे प्लास्टर. अर्धा तास जिन्याखाली एकट्याच बसून होत्या, मी पँटी घ्यायला गेलो म्हणून कळलं. पत्र मीच पेटीत टाकतोय. मी सांगितलं असं सांगू नये. — कप्तान (निवृत्त)

१० मार्च

वहिनी,

कप्तानांनी मला काहीही सांगितलेलं नाही, हे आधी लक्षात घे. मला आपलं आतून वाटलं की तू जिन्यावरून पडलीस, उजवं मनगट मोडलं आणि अर्धा तास तिथेच बसलीस. नणंदांना असं वाटतं कधीकधी.

गादीसाठी? मी वर्षातून आठ दिवस येते, त्यासाठी तू बहात्तराव्या वर्षी डोक्यावर गादी घेऊन जिना उतरतेस? पेटव ती गादी. तू तिथे एकटी बसली होतीस आणि मी त्या वेळी बहुतेक शब्दकोडं सोडवत असेन.

मी लगेच निघाले असते, पण इथे थोडी आवराआवर चालू आहे, ती टाकून येता येत नाही. तोवर माझं ऐक. खालीच झोपत जा, वरची खोली बंद कर, कामाला बाई ठेव. घर सोडायचं तुझ्या मनातही येणार नाही हे मी जाणते, म्हणून त्या घरातच नीट राहायची व्यवस्था करू.

आणि आता मला खरं काय ते लिही. सगळं. प्लास्टर सुटल्यावर स्वतःच्या हाताने.

तुझी
नणंद

२ एप्रिल

प्रिय वन्सं,

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. कप्तानांशी मी चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी त्यांना शर्टाचं बटण लावून हवं होतं, मग बोलले.

खरं लिहा म्हणालात. मला हे घर नकोसं झालंय.

लिहिलं. लिहून बघितलं तर छत कोसळलं नाही.

सासूबाई जाताना माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "पोरीचं माहेर राख." तुम्ही लग्न केलं नाहीत, तुम्हाला दुसरं घर नाही, म्हणून त्यांना घोर होता. मी शब्द दिला. हे होते तोवर ते जड वाटलं नाही. हे गेल्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी रोज सतरा पायऱ्या चढते आणि कोणी राहत नसलेली खोली झाडते. सकाळी दार उघडलं की समोर नऊ बंद खिडक्या. हाक मारावी असं माणूस नाही, कप्तान सोडून, आणि त्यांना मारायची गरजच पडत नाही. जिन्याखाली बसले होते ना, तेव्हा मनगटापेक्षा एकच गोष्ट जास्त दुखत होती. वाटलं, आता वन्संना कळलं की मला इथे राहवत नाही, तर त्यांचं माहेर तुटणार आणि त्यांच्यापासून मीही तुटणार.

तुम्ही "जीव गेला तरी सही देणार नाही" असं लिहिलंत. केवढ्या प्रेमाने लिहिलंत! आणि मी पत्र हातात धरून मशीनवर डोकं टेकलं.

आता दुसरं. शाळेतल्या खोलीसाठी मी अर्ज केलाय. तुम्हाला "सहज विचारते" लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीच केला होता. त्याचं उत्तर आलंय, ते सोबत पाठवते, कारण त्यावर तुमचंही नाव आहे. एकट्या माणसाला एक खोली मिळते, दोघांच्या कुटुंबाला दोन. आपल्याला दोन मिळाल्यात. तिसरीचा वर्ग, मधे लाकडी भिंत घातलेला.

आता रागवाल. फॉर्मवर "कुटुंबातील व्यक्ती" या रकान्यात मी "दोन" लिहिलं होतं. आणि हे आजचं नाही. हे गेले त्या वर्षी मोजणीवाली मुलगी दारात आली. "घरात एकूण किती?" असं तिने विचारलं आणि माझ्या तोंडून "एक" निघेना. वर दांडीवर तुमचा टॉवेल वाळत होता, तुम्ही आदल्याच दिवशी परत गेला होतात. मी म्हटलं, दोन. तेव्हापासून प्रत्येक कागदावर दोनच सांगत आले. तुमचं नाव, नातं, वय सगळं भरते. वय एक वर्ष कमी लावते, ती माझ्याकडून भेट.

नर्सबाईंना घर हवंय. सुट्टीवाल्या गिऱ्हाइकाइतकं त्या देऊ शकत नाहीत, पण मला पुरेल एवढं देतील. सहीचा कागद सोबत ठेवलाय. सही करावीशी वाटली नाही तर कागद फाडा, मी पुन्हा हा विषय काढणार नाही आणि मनात धरणारही नाही. एवढंच, की आता मला जिना चढवत नाही.

तुमची
वहिनी

११ एप्रिल

वहिनी,

आधी नियम. मोजणीचा पहिला नियम, जो मी हजारो मुलामुलींना घोकवून घोकवून शिकवला : माणूस जिथे राहतो तिथे मोजायचा. पाहुणा आठ दिवस आला म्हणून मोजायचा नाही, आणि घरचा माणूस चार दिवस बाहेरगावी गेला म्हणून वगळायचा नाही. तू अकरा वर्षं पाहुणीला घरात मोजलंस! मी कचेरीत असते तर तुझा फॉर्म लाल शाईने परत पाठवला असता. मी इथे एक आणि तिथेही एक. या देशात माझ्या दोन प्रती फिरतायत, आणि त्यातली एक वर्षाने लहान.

हे सगळं रागाने लिहिलं, मग उठून तोंड धुऊन आले.

वहिनी, दर मोजणीला लोकांचे गठ्ठे तपासून झाले की शेवटी मी स्वतःचा फॉर्म भरायची. कुटुंबातील व्यक्ती : एक. मला कधी वाईट वाटलं नाही, आकडा आकडा असतो असं मी म्हणायची. आणि तिकडे समुद्राकाठी कोणीतरी मला न सांगता मला घरात धरत होतं. त्या सरकारी कागदावर तुझ्या नावाखाली माझं नाव बघितलं आणि भर दुपारी ओक्साबोक्शी रडले. एवढी चुकीची नोंद मी आयुष्यात पाहिली नाही आणि एवढी चांगलीही.

आता घराचं. मला त्या घराची कधी ओढ नव्हती. ऐकलंस? कधीच नव्हती. त्या जिन्यावर उभं राहून बाबांनी मला "नोकरी करणाऱ्या मुलीला या घरात जागा नाही" असं सुनावलं होतं. आईने नंतर ती खोली माझी म्हणून ठेवली, पण तिथे मला धड झोप लागत नाही. मी दर वर्षी येते ती तुझ्यासाठी. तू मशीनवर बसतेस, मी खाली सतरंजीवर बसून काजं करते, तू माझ्या काजांना नावं ठेवतेस. माझं माहेर एवढंच आहे, सतरंजीएवढं. ते कुठेही पसरता येतं.

मी सही अडवून धरली ती तुझ्यासाठी. तू जिना झिजवलास तो माझ्यासाठी. दोघी शहाण्या बायका, आणि दोघींनी मिळून एका घराची चाकरी केली! हसावं की डोकं आपटावं कळत नाही. पण वहिनी, छातीवरचा दगड उतरला ग. मला किती वर्षं वाटत होतं, हिला सांगितलं की मला या घराचं काही नाही, तर ही म्हणेल नणंद कृतघ्न आहे.

कागदावर सही केली आहे, सगळे रकाने भरले आहेत. घर नर्सबाईंनाच दे. पण तो "दोन"चा आकडा दुरुस्त करून कळव. एक खोली मिळेल तर एक घे. खोट्या आकड्यावर मी तुला झोपू देणार नाही.

तुझी
नणंद

१६ एप्रिल

वन्सं,

कागद मिळाला. सही सुरेख आहे. तिच्या खालचा रकाना त्याहून सुरेख आहे.

"सध्याचा पत्ता." त्यात तुम्ही तुमच्या त्या सहाव्या मजल्याचा पत्ता लिहिलेला नाही. तुम्ही लिहिलंय, "मैत्रिणीच्या घरी, तात्पुरते." पत्रात तुम्ही मला वाऱ्याचं आणि रंगकामाचं सांगता, पण सरकारी फॉर्म समोर आला की तुमचा हात खोटं लिहीत नाही! मी बरोबर उलटी आहे, मी फॉर्मवर खोटं लिहिते. आपल्या दोघींचं मिळून एक खरं माणूस होतं.

घरमालकाच्या मुलाने जागा विकली ना? म्हणून तो भिंती बघत होता. तीच ना ती तुमची आवराआवर? मी जिन्यावरून पडले ते लपवलं म्हणून मला धारेवर धरलंत, आणि स्वतः बिऱ्हाड पाठीवर घेऊन मैत्रिणीच्या बाहेरच्या खोलीत झोपताय. मला राग आलाय. पण खरं सांगू, तो रकाना वाचल्यावर रागाच्या आधी मला हसू फुटलं, इतकं की कप्तान बघायला आले.

तुमच्या हुकमाप्रमाणे दुरुस्तीचं पत्र लिहिलंय. "कुटुंबातील व्यक्ती : एक." लिहिलंय, पण टाकलेलं नाही. मशीनच्या खणात बॉबिनांखाली आहे. नगरपालिकेची मुदत तीस तारखेपर्यंत आहे. तोवर जो राहायला आला तो घरचा. माणूस जिथे राहतो तिथे मोजायचा, हा नियम तुमचाच.

मी तुम्हाला आधार म्हणून बोलावत नाहीये, दया म्हणून तर मुळीच नाही. मला एकटीला राहायचं नाही, म्हणून बोलावतेय. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

परवा नर्सबाई मुलींना घेऊन घर बघायला आल्या होत्या. मुलींनी जिना पाहिला आणि वर-खाली पळून सतरा पायऱ्या चोवीस वेळा मोजल्या. माझे गुडघे नुसतं बघून दुखले, पण घराला बरं वाटलं असावं. वरची खोली कोणाची यावर भांडणही झालं. संग्रहालय बंद झालं एकदाचं.

उत्तर लांबलचक नको. गाडीची वेळ तेवढी लिहा.

वहिनी

२१ एप्रिल

वहिनी,

शनिवार, सकाळी साडेअकरा. दोन ट्रंका, एक कुंडी. कप्तानांना सांग, ट्रंका उचलायच्या नाहीत, ढकलगाडी आणायची.

ते दुरुस्तीचं पत्र फाडू नकोस. मी येऊन, सामान लावून, पहिली संपूर्ण झोप घेऊन मग स्वतःच्या हाताने फाडीन. नियम म्हणजे नियम.

नणंद

१७ जुलै

प्रिय वन्सं,

पेन्शनच्या कागदांसाठी चार दिवसांकरिता म्हणून गेलीस आणि आज सहावा दिवस. सरकारी कचेरीत जन्म गेलेल्या माणसालाच सरकारी कचेरीने असं बसवून ठेवावं, ही खरी परतफेड.

हो, "गेलीस" लिहिलंय. अडीच महिने एका भिंतीआड राहून, तुझं घोरणं ऐकून, तुला "तुम्ही" म्हणणं आता जमत नाही. पन्नास वर्षं वन्सं म्हणून मान दिला, तो पुरे झाला. "वन्सं" तेवढं राहू दे, तोंडात बसलंय.

इकडची खबर. नर्सबाईंच्या मुली रोज बसची वाट बघत आपल्या फाटकात उभ्या राहतात. इथली शाळा म्हाताऱ्यांनी बळकावल्यामुळे त्यांना लांब जावं लागतं, आणि हे त्या मला रोज ऐकवतात. कप्तानांनी त्यांना बाकावर उभं राहायची गोष्ट सांगितली, आता तो बाक कुठे आहे म्हणून हटून बसल्यात. हँगरवरचा निळा झगा मी शेवटी उसवला आणि त्याची दोघींना दोन दप्तरं शिवली. काजं करायची ठेवलीत तुझ्यासाठी. माझी जास्त चांगली होतात, पण तू रुसशील.

पांढरा बूटवालाही येऊन गेला. टेप नव्हती बरोबर. त्याच्या आईला जिना चढवत नाही, इथे एखादी खोली मिळेल का विचारत होता. मी अर्ज कुठे मिळतो ते सांगितलं आणि चहा दिला.

आता महत्त्वाचं. काल सकाळी नगरपालिकेची मुलगी आली. खोल्या ज्यांना दिल्या तीच माणसं राहतात ना, ते दारोदार तपासत होती. तुझा पलंग आवरलेला, चपला नाहीत, दांडीवर टॉवेलही नाही. तिने पेन उघडून विचारलं, "आजी, इथे किती जणं राहता?"

मी म्हटलं, दोन. तिने तुझ्या पलंगाकडे बघितलं. मग मी सरळ उभी राहिले आणि म्हटलं, "घरचं माणूस चार दिवस बाहेरगावी गेलं म्हणून वगळायचं नसतं, हा तुमचाच नियम आहे." मुलगी चपापली. म्हणाली, "आजी, तुम्ही मोजणी खात्यात होता का?" मी म्हटलं, मी नव्हते, आमच्या घरातलं माणूस होतं.

तिने "दोन" लिहिलं. वयही विचारलं. या वेळी मी तुझं खरं सांगितलं.

बरोबर केलं ना? ताबडतोब कळव, तोवर चैन पडणार नाही.

तुझी
वहिनी

२० जुलै

वहिनी,

तपासलं. नोंद बरोबर आहे. लाल शाई कुठेही लागली नाही.

उद्या घरी येते.

वन्सं